जी गप उभी राहती ती

माईक जरा खाली करा. माझी उंची तेवढी न्हाय.

हितं जमलेल्या थोरामोठ्यांना, आमच्या वस्तीवरच्या समद्या घरांना, आन् मागं भिंतीला लागून उभ्या असलेल्या बायकांना माझा नमस्कार. मी सुबद्रा. कस्तुराअक्काची धाकटी जाऊ. मला सभेत बोलायची सवय न्हाय. घरात बोलायची लई हाय, ते आमच्या मालकांना विचारा. पर हितं अक्काचा फोटो ठेवलाय, इभूत लावलीय, हार घातलाय, आन् त्या फोटोकडं बघितलं की माझ्या तोंडचं पाणी पळतंय. तवा मी तिकडं बघणार न्हाय. तुमच्याकडं बघून बोलणार हाय. रडले तर रडू द्या, कुणी पाणी आणून देऊ नका. मधी थांबले तर पुन्ना बोलायचं न्हाय मला.

खरं सांगायचं तर बोलायचंच न्हवतं. महादेवला मी सकाळी सांगितलं हुतं, काकूचं नाव पुकारू नको, मी मागं बसती. महादेव म्हंजे अक्काचा ल्योक, ह्यो पुढं बसलाय. पर आत्ता भीमाशा भावजी बोलले. डोळ्यात पाणी आणून बोलले. म्हणाले, कस्तुराबाई म्हंजे गरीब गाय हुती.

आन् मी उठले.

भावजी, रागावू नका. तुमी मान देऊनच बोलला. तुमचं घर आमच्या घराला लागून, तुमच्या गायी अक्कानं सोताच्या समजून बघितल्या. पर एवढ्या वर्सांत तुमाला गाय बी कळली न्हाय आन् अक्का बी कळली न्हाय. गरीब गाय कुटं असती? माजावर आलेली गाय गरीब बघितलीया का कुणी? दावं तोडती. कुंपण मोडती. वरडून वरडून समदी वस्ती उठवती.

माज म्हणाले मी. मागच्या बायकांनी पदर तोंडाला लावला, दिसलं मला. पुढचे म्हातारे छताकडं बघाया लागले, ते बी दिसलं. शोकसभेत, मेलेल्या बाईच्या फोटोपुढं, बाईमाणसानं माजाचं बोलावं का, असं वाटलं ना तुमाला? वाटू द्या. अक्का गेली ती ह्याच वाटण्यानं गेली. तिकडं फलकावर लिवलंय, लिंगैक्य झाली. झाली खरं. पर कशी झाली ते कुणी बोलंना म्हणून मी बोलती.

सोलापुरातनं पाव्हणे आलेत, त्यांना आमच्या वस्तीचं माहीत नसंल. होटगीच्या अलीकडं आमची थोडीच घरं. परत्येकाच्या दारात दोन-चार गायी. दूध डेरीला जातंय, त्याच्यावर चूल पेटती, पोरांची शाळा चालती. आता दूध कवा येतंय? गाय व्याली तर. गाय कवा विती? गाभण राहिली तर. आन् गाभण कवा राहती? माज आला त्याच दिवशी कुणाच्या तरी नजरंला पडला, आन् येळेत डॉक्टरला बोलावून भरवून घेतली, तर. माज काय पाव्हण्यासारखा मुक्कामाला थांबत न्हाय. सकाळी हाय, दुसऱ्या सकाळी न्हाय. चुकला की तीन आठवडं वाट बघत बसा. तवर कडबा चालू, पेंड चालू, आन् गाय रिकामी. असं दोन-तीनदा झालं की माणूस म्हणतो, गाय भाकड निघाली, घाला बाजारात. अक्का लई चिडायची हे ऐकलं की. म्हणायची, गाय भाकड नसती, बघणारा भाकड असतो. आन् कुणाच्या तोंडावर म्हणायला बी ती भ्याली न्हाय.

मी लगीन होऊन आले तवा आमच्या घरात काय चालायचं ते ऐका. शेण बायकांनी काढायचं. धार बायकांनी काढायची. दिवसभर गाईच्या मागंपुढं बायका. मग माज आधी कुणाला दिसणार? बाईला. पर बाईनं तो शब्द तोंडातनं काढायचा न्हाय. सुनेनं सासूला सांगायचं, ते बी, "आत्याबाई, तांबडी आज बरी दिसंना," एवढंच. सासू काय ते समजायची. मग सासूनं सासऱ्याला सांगायचं, जेवायला वाढताना, तोंड दुसरीकडं करून. सासऱ्यानं ल्योकाला. ल्योक दुपार कलल्यावर गाडी काढणार. डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले. ते येईपर्यंत तांबडी खाली बसून रवंथ कराया लागलेली. डॉक्टर हात घालून बघायचे आन् म्हणायचे, येळ गेली. मग समदे पुरुष आमच्याकडं वळायचे. तुमी आधी का सांगितलं न्हाय?

हसू नका. तुमच्या घरात बी ह्येच हुतं.

अक्कानं हे मोडलं. त्या दिवशी घरात आमी दोघी जावाच हुतो. थोरले भावजी, म्हंजे अक्काचे मालक, तवा हयात हुते, शेताला पाणी धरायला गेले हुते. आत्याबाई देवाला. तांबडी त्याच्या आधी उलटलेली, म्हंजे भरवून बी न राहिलेली. आन् त्या सकाळी ती पुन्ना माजावर आली, मागनं सोट, म्हंजे माजाचं चिकट पाणी, गळत हुतं. मी म्हणाले, अक्का, भावजी येऊ द्या की. अक्कानं माझ्याकडं असं बघितलं, जसं मी पिठात मीठ घालायचं इसरले. म्हणाली, "सुबद्रे, भावजी कवा येणार ते तांबडीला सांगितलंस का? थांबती म्हणाली का ती?" आन् भावजींचा फोन कोनाड्यात हुता, तो उचलला. रेंज रस्त्यावरच यायची. भर रस्त्यात गेली, कानाला फोन लावला, आन् मोठ्यानं म्हणाली, "डॉक्टर, मी कस्तुरा बोलती. आमची तांबडी माजावर हाय. सोट स्वच्छ हाय, चिकट हाय, तार सुटती. दुसरी अंगावर चढली तर गप उभी राहती. सांजच्याला या, भरवायची हाय."

रस्त्यानं जाणारा गडी सायकलवरनं उतरला. खरंच उतरला. सांजच्यापर्यंत आख्ख्या वस्तीला कळलं की कस्तुरानं भर रस्त्यात माज म्हणलं. आत्याबाईंनी अबोला धरला. भावजी जेवले न्हाईत. अक्का मला म्हणाली, "एक दिस न जेवल्यानं माणूस मरत न्हाय. तांबडी राहिली तर वरीसभर दूध पिणार हायत हे."

तांबडी राहिली. कालवड झाली. आन् डॉक्टर, ते बी आज हितं आलेत, बसलेत तिकडं, भला माणूस हाय, ते आमच्या वट्यावर बसून भावजींना म्हणाले, "सकाळी दिसलं तर सांजच्याला, सांजच्याला दिसलं तर सकाळी, एवढं मी वरडून सांगतो, पर असा फोन मला आजवर कुणी केला न्हवता." भावजींनी त्या दिवशी सोताच्या हातानं अक्काला चहा आणून दिला. ती म्हणाली, साखर कमी पडलीय.

तशी हुती ती. गरीब गाय म्हणं.

मग तिनं मोकळवण काढलं. घरामागं तिच्या वाटणीची पडीक जागा हुती, तिला कुंपण घातलं आन् समद्या घरांना सांगितलं, सकाळ-संध्याकाळ तुमच्या गायी हितं सोडा. लोक म्हणाले, कशाला? अक्का म्हणाली, दावणीला बांधलेली गाय काय दाखवणार? तिच्या मागं भिंत, पुढं गव्हाण. दोन गायींच्या गोठ्यात एकटीला आला तर ती कुणाजवळ जाणार? चार घरच्या एकत्र सोडा, मग बघा. आन् खरंच, ज्यांच्या गायी वर्सानुवर्सं "ही माजच दावत न्हाय" म्हणून शिव्या खात हुत्या, त्या मोकळवणात यायच्या आन् दावायच्या. होटगीच्या टेसनात पहिल्या गाडीची शिट्टी झाली की अक्का कोपऱ्यात उभी. बोलायचं न्हाय. चहा न्हाय. मोबाईल न्हाय. नुसतं गप उभं राहून बघायचं, गायी आपल्याला इसरंपर्यंत.

मला तिनं लई शिकवलं. मला आलं न्हाय, ते सोडा. पर एक गोष्ट तिनं इतक्यांदा सांगितली की झोपेत बी सांगंन. मी काय करायची, एखादी गाय दुसरीवर चढली की बोट दाखवायची, अक्का, ही आली, ही आली. अक्का माझं बोट खाली करायची. "चढणारीकडं काय बघतीस? ती कुणावर बी चढती. कधी गाभण असंल तरी चढती. खाली कोण हाय ते बघ. वर वजन आलं तरी जी हलत न्हाय, जी गप उभी राहती, तिला बघ. ती हाय." मग कन्नडात म्हणायची, तिच्या माहेरच्या बोलीत, "निंतद्दन्न नोड." उभी राहिलेलीला बघ.

निंतद्दन्न नोड. सकाळी तेच. संध्याकाळी तेच.

उन्हाळ्यात तर लई अवघड. आपल्याकडचं ऊन तुमाला काय सांगायचं. गायींना माज येतोय, पर वरडत न्हाईत, चढत न्हाईत, काय न्हाय. मुका माज म्हणत्यात त्याला. अक्का तवा शेपटीजवळचे केस बघायची, इस्कटलेत का. आंबोण अर्धं ठेवलंय का. धारेला दूध चोरलंय का. ह्याच भीमाशा भावजींची एक काळी हुती, तिला भावजी बाजारात न्यायला निघाले हुते. अक्का वाटेत आडवी उभी राहिली. म्हणाली, एक फेरा थांबा. आन् तिचा मुका माज धरून दिला. भावजी, त्या काळीच्या पोटची आज तुमच्या दावणीला हाय की न्हाय? व्हय म्हणा की. आन् तिची कालवड अंगानं भरल्यासारखी दिसली तवा तुमी म्हणाला, मोठ्या वळूच्या बीजाची कांडी भरू, वासरू दणकट व्हईल. अक्का डॉक्टरच्या आधी न्हाय म्हणाली. पहिलं वेत हाय, हाड बारीक हाय, अडंल बिचारी. तुमी हसला हुता. पर ऐकलं. कालवड सुखरूप मोकळी झाली.

आता मला सांगा. जी बाई मुक्या जनावराचं एवढं बघत हुती, तिच्याकडं कोण बघत हुतं?

डॉक्टर बघत हुते का? त्यांचं काम गाईचं. ल्योक बघत हुता का? जाऊ बघत हुती का? तुमी, तुमच्या गायी तिच्या जिवावर सोडून घरात चहा पीत बसणारे?

अक्काच्या अंगावरनं जात हुतं. व्हय, हे बी बोलणार मी. पाळी जाऊन कैक वर्सं झालेल्या बाईच्या अंगावरनं रक्त जात हुतं आन् ती रोज शिट्टीच्या टायमाला मोकळवणात जाऊन कोपऱ्यात उभी राहत हुती. जुन्या लुगड्याच्या घड्या अंगाला बांधून. अंधारात सोताच धुवायची, गोठ्याच्या मागं वाळत घालायची, उजाडायच्या आत काढायची. कुणाला बोलली न्हाय. भर रस्त्यात गाईचा सोट कसा हाय ते डॉक्टरला वरडून सांगणारी माझी अक्का. सोताचं एक अक्षर बोलली न्हाय.

मी हे कुणाला विचारू? ह्या फोटोला विचारू? अक्का, गाईचं बोलायला तुला लाज वाटली न्हाय, मग तुझं बोलायला का वाटली गं?

थांबा. पाणी नको म्हणलं ना. नको.

एकीनं बघितलं. ह्या समद्या वस्तीत एकीनं. रेणुकानं. अक्काची सून, महादेवची बायको, ती तिकडं दाराजवळ उभी हाय, पदर घेऊन. वर्सच झालंय तिच्या लग्नाला. तिच्या ध्यानात आलं की आत्या उभ्या-उभ्या कुंपणाचा खांब धरत्यात. आत्यांनी दूध प्यायचं सोडलंय. आत्यांचं धुणं वेगळं असतंय. कुणी सांगितलं न्हवतं तिला. नुसतं बघितलं तिनं.

मग तिनं काय केलं? नवऱ्याला सांगितलं. नवरा म्हणाला, आईचं हे असलं मला काय सांगतीस, काकूला सांग. महादेव, मान वर कर बाळा, मी तुला मारत न्हाय. तू काय नवीन केलं न्हाईस. तुझ्या आज्यानं गाईचं जे केलं तेच तू आईचं केलंस. ती काकूला सांगायला आली तवा मी माहेरी. मग तिनं थोरल्या मावशीला, म्हंजे अक्काच्या बहिणीला, सांगितलं. मावशी म्हणाली, नव्या सुनेनं सासूच्या अंगाचं बोलू नये. मी आले, मला सांगितलं, मी अक्काला धरून सोलापूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या बाई डॉक्टरनी तपासलं, हात धुतले, आन् म्हणाल्या, आधी का न्हाय आणलं यांना?

मला ते वाक्य पाठ हुतं. आमच्या गोठ्यात लई वर्सं ऐकलेलं हुतं ते. येळ गेली.

अक्का अंथरुणाला खिळली तवा मोकळवणात वस्तीतले बाप्ये उभे राहाया लागले. म्हणाले, त्यात काय एवढं, गायी तर बघायच्यात. खुर्च्या टाकल्या. मोबाईल काढले. चहाची किटली आली. एके सकाळी गलका झाला, चंद्री चढली, चंद्री चढली. लावा फोन. डॉक्टर आले, त्यांनी हात घातला, म्हणाले, आरं ही गाभण हाय, बरं झालं आधी बघितलं, कांडी भरली असती तर गाभडली असती. चंद्री कुणावर चढली हुती? खाली कोण गप उभी हुती? कुणी बघितलंच न्हवतं. खालची अक्काचीच गवरी हुती. तिचा माज गेला. पुढच्या फेऱ्याला बी गेला.

अक्काला हे सांगू नका म्हणलं तरी कुणीतरी सांगितलंच. ती निजल्या-निजल्या म्हणाली, "खाली बघा म्हणावं." तिचा आवाज लई बारीक झाला हुता. मी म्हणाले, मी बघती अक्का. ती म्हणाली, "तुला न्हाय जमत गं. रेणुकाला उभी कर."

शेवटचं शहाणपणाचं बोलणं ते. त्याच्यानंतर तिनं मला वळखलं न्हाय. मला आत्याबाई म्हणाली एकदा. लेकराच्या डोळ्यांनी बघायची आन् म्हणायची, आत्याबाई, तांबडी आज बरी दिसंना.

लोकहो, मला आता पुढचं नीट बोलता येईल का न्हाय माहीत न्हाय. पर बोललंच पायजे, कारण सोमवारी व्यापारी येणार हायत. महादेवनं गाड्या सांगितल्यात. अक्काच्या समद्या गायी जाणार. गायी गेल्या की मोकळवणाचं काय करायचं, तिथं शेड टाकून भाड्यानं देणार म्हणं. मग आमच्या गायी पुन्ना दावणीला. भिंत मागं, गव्हाण पुढं. आत्ताच माझ्या दोन रिकाम्या हायत. भीमाशा भावजींची एक. बाजूच्या घरातली दुधाला आटलीया. एकेक करून समदं बाजारात जाईल. हे मी तुमाला भ्या घालायला बोलंना. मी रोज सकाळी कोपऱ्यात उभी राहती, डोळे फाडून बघती आन् मला काय बी दिसंना. सारख्याच दिसत्यात समद्या. मी एकटी काय करू? सांगा ना. कुणीतरी सांगा मला, मी काय करू?

मी महादेवला म्हणाले, रेणुकाला उभी कर. त्यानं न्हाय म्हणलं न्हाय. व्हय बी म्हणलं न्हाय. त्याला थोरल्यांनी सांगितलं. कोण थोरले, त्यांना माहीत हाय, नावं घेत न्हाय, शोकसभा हाय. थोरले म्हणाले, कस्तुराचं वय झालं हुतं, तिचं चाललं. पर कवळ्या सुनेनं पहाटं मोकळवणात उभं राहून माज बघायचा, आन् परक्या पुरुषाला फोन करून सोट कसा हाय ते सांगायचं, हे घराण्याला शोभत न्हाय. गायी गेल्या तरी चालतील.

चालतील?

अक्कानं तांबडीचा फोन केला तवा ती बी कवळीच हुती. म्हातारी होऊन जन्माला आली न्हवती ती. आन् शोभायचं म्हणाल तर अक्का शेवटी लई शोभली तुमाला. एक शब्द न बोलता गेली. घराण्याची अब्रू रक्तात भिजवून घड्या घालून ठेवली तिनं, उजाडायच्या आत. आता हार घालायला समदे आलेत.

मला राग आलाय. मी लपवत न्हाय. माझी अक्का गेलीय आन् मला तिच्यावर बी राग आलाय.

डॉक्टर, तुमाला हात जोडून विचारती, सगळ्यांपुढं. उद्या सकाळी रेणुकाचा फोन आला, गवरी माजावर हाय म्हणून, तर तुमी काय म्हणाल? तुमच्या मनात काय वंगाळ येईल का? मान हलवली बघा त्यांनी. न्हाय म्हणत्यात. त्यांना वंगाळ वाटत न्हाय, गवरीला वाटत न्हाय. मग कुणाला वाटतंय?

आन् मागं उभ्या असलेल्या माझ्या बायांनो. तुमच्यातल्या कुणाच्या अंगावरनं जात असंल, कुणाच्या ओटीपोटात दुखत असंल, कुणाला गाठ लागत असंल. सासूला सांगू नका. तिच्याकडनं सासऱ्याला, सासऱ्याकडनं ल्योकाला, तसलं काय करू नका. मला सांगा. न्हाय तर रेणुकाला सांगा. न्हाय तर कुणाला न सांगता होटगीवरनं गाडी धरा आन् सोलापूर गाठा. घरचे एक दिस जेवणार न्हाईत. एक दिस न जेवल्यानं कुणी मरत न्हाय.

आता रीत हाय, दोन मिनिटं गप उभं राहायची. तेवढं करू आन् मी माझ्या जागेवर जाती.

पर माझं एक ऐका. दर येळेसारखी मान खाली घालू नका. डोळे मिटू नका. अक्का गप उभी राहायची ती डोळे उघडे ठेवून. महादेव, ऊठ. भीमाशा भावजी, उठा. समदे उठा. मोबाईल खिशात घाला. आन् माझ्याकडं बघू नका, मी लई वेळ चढून बोलले, चढणारीकडं बघायचं नसतंय. मागं वळा. दाराजवळ बघा. ती पोरगी सभा सुरू झाल्यापासनं तितंच हाय, कुणी तिला बस म्हणलं न्हाय, आन् तिनं खांब बी धरला न्हाय. निंतद्दन्न नोड, महादेव. तुझी आई म्हणायची ते. आईचं बघायचं राहिलं तुझं. हिचं तरी बघ.

मौन संपलं की आभार मानू नका, घोषणा देऊ नका. पहिला शब्द रेणुकाचा. तिला गायी ठेवायच्यात का न्हाय, ते तिनं सोताच्या तोंडानं सांगायचं, मोठ्यानं, रस्त्यावर ऐकू जाईल असं. ती न्हाय म्हणाली तर सोमवारी मी सोता दावी सोडून देईन.

अक्का, ह्यो माझा शेवटचा शरणार्थ गं. मी आता गप राहती.